गेजग्यांचा बँड परत फिरत नाही

"जरा तोंड पाडा," श्रीरंग गेजगे खालून म्हणाला.

"का?"

"नवरदेव हाय न्हवं तुम्ही? नवरदेव हसत नसतोय."

मी तोंड पाडलं. मी घोड्यावर होतो. डोक्याला फेटा, कपाळावर मुंडावळ्या, अंगात श्रीरंगच्या मेव्हण्याचा कोट आणि हातात लिंबू टोचलेली कट्यार. पुढं श्रीरंगचा सगळा बँड लाल कोटात उभा होता. मागं कुणीही नव्हतं, कारण लग्नच नव्हतं. नवरीही नव्हती.

"आता बरोबर," श्रीरंग म्हणाला. "आता अगदी लग्न ठरल्यागत दिसताय."

कल्पना माझी होती. त्या काळात मी करंजवड्याच्या साप्ताहिकात लोकांची टिंगल करणारं एक सदर लिहीत असे आणि त्यात पोट भरत नसल्यामुळे टांग्यात बसून भोंग्यावरून तंबूतल्या सिनेमाची जाहिरातही करत असे. गावाला दोन्ही एकाच तोंडातून ऐकायची सवय झाली होती. त्यामुळे माझ्या सदराला कुणी हसत नसे आणि सिनेमाला गर्दी होई. ती गर्दी बघून श्रीरंग माझ्याकडं आला.

त्याचं दुखणं साधं होतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका बँडनं विजेवर चालणारा ऑर्गन घेतला होता. तो हातगाडीवर ठेवून ढकलत आणायचे, त्याला दोन कर्णे लावायचे, आणि एक गायक होता तो बाईच्याही आवाजात म्हणायचा. श्रीरंगकडं ऑर्गन नव्हता. त्याच्याकडं पितळी वाद्यं होती आणि दौलूनाना होते. दौलूनाना म्हणजे त्याचे चुलते. क्लॅरिनेट तेच वाजवायचे आणि बँड त्यांच्या मागं चालायचा. तुळशीची लग्नं होऊन गेली तरी गेजग्यांना एक सुपारी आली नव्हती. बँड ठरवायचा म्हणजे सुपारी द्यायची, असा आमच्याकडचा शब्द आहे. दोघा ट्रंपेटवाल्यांना त्या ऑर्गनवाल्यांनी निरोप धाडला होता. संक्रांतीपर्यंत सुपाऱ्या आल्या नाहीत तर ते जाणार होते, आणि ते गेले की गेजग्यांच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांपेक्षा वाद्यं जास्त होणार होती.

"भोंग्यावरनं सांगा की आमचं," श्रीरंग म्हणाला होता.

"बँडची जाहिरात भोंग्यावरून करायची? भोंगा तर त्यांच्याकडंच आहे," मी म्हणालो. "हे बघ श्रीरंग, बँड बघून कुणी बँड ठरवत नाही. लग्न बघून ठरवतात. आपण बाजाराच्या दिवशी परण्या काढू."

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात तो. तिथून तो मांडवात जातो.

"आन् नवरदेव?"

नवरदेव मिळेना. ज्यांची लग्नं ठरली होती ते तयार नव्हते, ज्यांची ठरत नव्हती ते तर मुळीच तयार नव्हते. माझी आई मावशीकडं कुरुंदवाडला गेली होती. ती गावात असती तर ही कथा घडली नसती.

असा आमचा परण्या भर बाजारातून निघाला. बँड सुरेख वाजत होता. दौलूनाना डोळे मिटून चालत होते आणि तरी त्यांचा पाय रस्त्यातल्या एकाही खड्ड्यात पडत नव्हता, कारण खड्डे त्यांना पाठ होते. पण मला घोड्यावरून एक गोष्ट दिसायला लागली. बँडकडं कुणीच बघत नव्हतं. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं.

"नवरी कुठली वो?"

"कुणाकडची म्हणायची?"

"पेपरवाल्याला पोरगी दिली? कुणी दिली?"

पेपरवाला म्हणजे मी. पोस्टमनची बायको गौराबाई घोड्याच्या पायावर पाणी घालून ओवाळायला पुढं आली. निरांजन माझ्यापुढं फिरवता फिरवता तिनं हळूच विचारलं, "पोरगी कुणाची रं बाबा?"

"ठरायची आहे, काकू."

"आणि घोड्यावर आधीच बसलास?"

"नंतर घोडं मिळत नाही."

तिला ते पटलं. लग्नसराईत घोडं खरंच मिळत नाही.

मारुतीच्या देवळापाशी आलो. मी उतरलो, नारळ फोडला, नमस्कार केला आणि पुन्हा घोड्यावर बसलो. आता पेठेतून फिरून श्रीरंगच्या दुकानापाशी जायचं आणि तिथं सगळ्यांना चहा द्यायचा, असा बेत होता. श्रीरंगनं हात वर केला. बँड वाजला नाही. दौलूनाना क्लॅरिनेट पुसून पिशवीत भरत होते.

"नाना, उचला की."

"कुठं जायचं?"

"दुकानाकडं."

"नवरदेव कुठं जायचा?"

"त्योबी दुकानाकडंच."

"मारुतीपसनं नवरदेव मांडवात जातोय," नाना म्हणाले. "माघारी जात न्हाई."

"अवो, खोटा नवरदेव हाय नाना!"

"मारुती खरा हाय."

श्रीरंगनं ट्रंपेटवाल्यांकडं बघितलं. त्यांनी आपापले ट्रंपेट काखेत धरले. ताशेवाल्यानं काड्या कमरेला खोचल्या. क्लॅरिनेट उचलल्याशिवाय कुणी सुरुवात करत नसतं, आणि आज तर त्यांना करायचीही नव्हती.

"नवरदेवाला माघारी वाजवत न्हेला की त्या बँडला फिरून सुपारी येत न्हाई," नानांनी सांगून टाकलं. "एकांनी न्हेला हुता."

"कुणी? नाव सांगा."

"नावच ऱ्हायलं न्हाई, सांगू काय?"

तोवर बाजार गोळा झाला होता. मी उतरून चालत जातो म्हणालो, तर लोकांनीच मला उतरू दिलं नाही. कुणी म्हणे परत न्यायचाच नाही तर ठेवून घ्या देवळात, शनिवारी उपयोगी पडेल. श्रीरंग डोक्याला हात लावून पारावर बसला. शेवटी देवळाचा गुरव पुढं झाला.

"तिजवराला काय करत्यात?" त्यानं सगळ्यांना विचारलं. ज्याचं तिसरं लग्न असतं त्याचं आधी रुईशी लावतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि देवळाच्या भिंतीला लागून मारुतीच्या माळेसाठी लावलेली भलीमोठी रुई होती.

"ह्यांचं तर पहिलंच न्हाई झालं," श्रीरंग म्हणाला.

"मग दोन लग्नं वाचली त्यांची."

असा माझा विवाह झाला. गुरवानं दोन मंगलाष्टकं म्हटली. लोकांनी बाजारच्या पिशव्यांतले तांदूळ काढून आमच्यावर टाकले आणि ज्यांच्याकडं तांदूळ नव्हते त्यांनी ज्वारी टाकली. रुईला माझ्याबद्दल काही विचारण्यात आलं नाही, पण तेव्हा मुलींनाही विचारायची फारशी पद्धत नव्हती. लग्न लागल्यावर दौलूनानांनी क्लॅरिनेट बाहेर काढली. आता ही वरात झाली, आणि वरात कुठंही जाऊ शकते.

दुसऱ्या दिवसापासून गाव हसत होतं. मी लोकांची टिंगल करणारा माणूस, त्यामुळे मला ते सवयीचं होतं. नुसती दिशा बदलली होती. श्रीरंगला सवय नव्हती.

"झाली जाहिरात," तो म्हणाला. "आता ट्रंपेट इकून टाकतो आन् भजीचा गाडा लावतो."

आम्ही दुकानात असे बसलो असताना यशवंत कदम कंडक्टर आला. एसटीत सतत दोरी ओढून ओढून त्याचा उजवा हात बोलतानाही वर जात असे.

"मारुतीपासनं माघारी वाजवत नाही म्हणं तुम्ही?" त्यानं विचारलं.

"म्हातारं माणूस हाय," श्रीरंग ओशाळून म्हणाला. "मी समजावतो त्यास्नी."

"समजावू नका. सुपारी घ्या. माझ्या धाकटीचं लग्न आहे. रत्नमालाचं."

"पर बँड तर नवऱ्याकडची आणत्यात."

"ह्या लग्नात मी आणणार. व्याह्यांना सांगितलं, बँडचा खर्च माझा. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही."

"आणि आमचाच का?" मी म्हणालो.

कंडक्टर बाकावर बसला. "थोरलीच्या वेळी काय झालं ठाऊक आहे? परण्या मारुतीपाशी आला आणि तिथंच बसला. रुसवा. घड्याळ द्यायचं ठरलं होतं, ते म्हणाले अंगठी पाहिजे. अंगठी कबूल केली तर साखळीवर गेले. नाहीतर हे चाललो म्हणाले माघारी. आणि बँडवाल्यांना म्हणाले, वाजवा. ते लागले की वाजवायला! पाहुणं वाजतगाजत माघारी निघालं की मुलीच्या बापाच्या पायातलं बळ जातं, पेपरवाले. वाजलं की परतणंसुद्धा शोभेचं होतं. मुक्यानं जाऊन बघू दे म्हणावं एकदा, भर पेठेतनं."

श्रीरंग माझ्याकडं बघायला लागला. मी कुंचला शोधायला लागलो. संध्याकाळी दुकानावर नवी पाटी लागली:

गेजगे ब्रास बँड. निघाला की मांडवात!

भोंग्यावरूनही मी तेवढंच सांगत गावोगाव फिरलो. सिनेमाचं नाव शेवटी घ्यायचो. आणि सुपाऱ्या यायला लागल्या. सगळ्या मुलींच्या बापांच्या. ते एकेकटे यायचे, पाटी वाचायचे, नानांना आपादमस्तक न्याहाळायचे आणि विचारायचे, "हेच का ते?" नाना ह्याला कंटाळले. ट्रंपेटवाल्यांनी ऑर्गनवाल्यांना नाही म्हणून कळवलं. पण प्रत्येक बाप जाताना एक सांगून जायचा: आधी कंडक्टरच्या घरचं लग्न कसं होतंय ते बघतो. तिथं पार पडलं तर आमची सुपारी पक्की, नाहीतर माघारी द्यायची.

रत्नमालाचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. ती आमच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं सुया टोचलेल्या असल्यामुळे तिच्याशी सगळे जपून बोलत. नवरदेवाचे वडील इंगवले म्हणजे शेजारच्या गावच्या दूध संघाचे चेअरमन. त्यांच्या शब्दावर सात-आठ गावांतली लग्नं ठरत आणि त्या लग्नांचे बँडही तेच ठरवत. नवरदेवाचं नाव प्रताप. देखणा होता. घोड्यावर माझ्यापेक्षा कितीतरी बरा दिसत होता.

परण्या वाजतगाजत मारुतीपाशी आला. प्रतापनं दर्शन घेतलं, घोड्यावर बसला. नानांनी क्लॅरिनेट ओठाला लावली, एवढ्यात चेअरमन पारावर जाऊन बसले.

"कंडक्टर, मोटारसायकलचं काय झालं?"

यशवंत कदम मांडवातून घाईघाईनं आला होता. "मोटारसायकलचं बोलणं नव्हतं झालं, चेअरमन."

"बोलायचं कशाला? पोरगं काय तुमच्या एसटीनं फिरणार?"

"सहा महिने द्या."

"मग सहा महिन्यांनी येतो की लग्नाला." चेअरमन उठले. "ए बँडवाले, फिरा. वाजवा."

देवळाच्या बाजूला पाचसहा माणसं उभी होती. तिथं त्यांचं काही काम नव्हतं. ते सगळे मुलींचे बाप होते. श्रीरंगनं त्यांच्याकडं बघितलं, मग चेअरमनकडं. दौलूनानांची पिशवी तोवर बाहेर आली होती.

"म्हाताऱ्याला राहू दे," चेअरमन म्हणाले. "तू वाजीव. अरे, आमच्या सगळ्या गावांतली लग्नं तुला देतो यंदा. ह्या बापांच्या सुपाऱ्यांवर किती दिवस जगणार हाईस?"

हा भाव फार मोठा होता. मी असतो तर वाजवलं असतं. मला वाजवता येत नाही हा भाग वेगळा. श्रीरंगनं ट्रंपेट वर केला, त्यातलं पाणी झटकलं आणि परत खाली केला.

"आमच्याकडं माघारीचं काय बसवलेलं न्हाई, चेअरमन."

"बरं. मग मुक्यानं जातो."

चेअरमननी घोड्याचा लगाम धरला आणि वऱ्हाड फिरलं. पेठ तिथूनच सुरू होते. पहिलं दुकान भुसाऱ्याचं. वाजतगाजत गेलेला नवरदेव न वाजता उलटा येताना बघून तो बाहेर आला.

"काय चेअरमन? काय इसरलं का?"

चेअरमननी लगाम ओढला. पुढं कापडवाला ढमढेरे. "काय वो, काही विसरलं?" त्याच्या पुढं सलूनवाला अर्धी दाढी सोडून दारात आला. "कट्यार ऱ्हायली का वो? पोराला धाडू का?" त्यानंतरच्या दुकानाचा मालकही उठताना दिसत होता. रस्ता लांब होता आणि दुकानं दोन्ही बाजूंना होती. चेअरमननी मागं वळून बघितलं, पुढं बघितलं आणि घोडं फिरवलं.

"पोराबाळांच्या हौशीत आपण कशाला मोडता घाला," ते परत येऊन कंडक्टरला म्हणाले.

नानांनी पिशवी उघडली. बँड असा वाजला की देवळावरची पाखरं उडाली. मुलींचे बाप बँडच्या मागं चालत होते आणि एकमेकांना टाळ्या देत होते. श्रीरंगनं वाजवता वाजवता माझ्याकडं बघून डोळा मारला. मी मनातल्या मनात नवी पाटी लिहीत होतो.

मांडवात नवरदेव पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला. रत्नमाला मामाच्या मागोमाग आली, हिरवी साडी, कपाळावर मुंडावळ्या. मारुतीपासून मांडवापर्यंत बँडला यायला वेळ लागतो. बातमीला लागत नाही. ती अंतरपाटाच्या अलीकडं थांबली नाही. बाजूनं वळसा घालून पलीकडं गेली आणि प्रतापसमोर उभी राहिली. भटजींचं पहिलं अक्षर तोंडातच राहिलं.

"मारुतीपाशी तुम्ही का थांबला होता?" तिनं विचारलं. दवाखान्यात 'कधीपासून दुखतंय' विचारते तशा आवाजात.

"दादा बोलत होते," प्रताप म्हणाला.

"तुम्ही काय म्हणालात?"

प्रतापनं वडिलांकडं बघितलं. "मी घोड्यावर होतो."

मला वाटतं त्यानं दुसरं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"रत्ना, आत चल," कंडक्टर म्हणाला. "मिटलंय सगळं, माझे बाई."

"अण्णा, तुमचं आणि त्यांचं मिटलंय." ती वळली आणि मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बँडकडं आली. "नाना, ह्यांना पोचवून या."

"म्हंजे?" श्रीरंगनं विचारलं. समजलं होतं त्याला.

"माघारीचं वाजवा."

मुलींचे बाप एकेक करून उठून उभे राहिले. त्यांना मघाच्यापेक्षा आताच जास्त भीती वाटत होती. श्रीरंगनं हात जोडले.

"ताई, तेवढं सोडून सांगा. त्यावरच चाललंय आमचं. बघा, सगळी इथंच हाईत. आम्हाला जगायचंय वो."

"मलाही जगायचंय, श्रीरंगदादा. तुम्ही आणलंत त्यांना, तुम्हीच पोचवा. मुक्यानं घालवायला मला काही कुणापासून तोंड लपवायचं नाही."

नाना तिच्याकडं बघत होते. "पोरी, पक्कं?"

"पक्कं."

"बा काय म्हंतोय?"

कंडक्टरचा उजवा हात वर गेला होता. तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यानं तो खाली घेतला. "तिला विचारा," तो म्हणाला.

नानांनी क्लॅरिनेट उचलली.

"नाना!" श्रीरंग कळवळला. "तुम्हीच म्हणाला हुता न्हवं? फिरून सुपारी येत न्हाई म्हणून?"

"मांडवापतुर आणायचं आपलं काम. आणला. घ्यायचा का न्हाई, तिचं काम." नाना ट्रंपेटवाल्यांकडं वळले. "चला रं."

माघारीचं खरंच काही बसवलेलं नव्हतं. म्हणून येताना वाजवलं तेच जाताना वाजवलं. प्रताप घोड्यावर, पुढं चेअरमन, आणि त्यांच्याही पुढं दौलूनाना डोळे मिटून. ह्या वेळी पेठेत कुणीही 'काय विसरलं का' म्हणून विचारलं नाही. रत्नमाला मांडवाच्या तोंडाशी उभी राहून आवाज विरेपर्यंत ऐकत होती. मग आत जाऊन तिनं पंगती बसवल्या. अन्न केलेलं होतं, वाया कोण घालवणार?

सकाळी दुकानापुढं रांग होती. सगळे बाप सुपारी परत न्यायला आले होते.

"आम्हाला न फिरणारा बँड पायजे हुता," त्यातला एक मला म्हणाला. "हा तर पोरीनं सांगितलं की फिरतोय."

श्रीरंगनं एकेकाला परत केली. तो कुणाशी बोलला नाही आणि माझ्याशी तर मुळीच नाही. पाटी त्यानं स्वतः शिडीवर चढून काढली. दोघं ट्रंपेटवाले आठवड्यात ऑर्गनवाल्यांकडं गेले. जाताना नानांच्या पाया पडून गेले. ती सराई गेजग्यांनी दुकानात बसून काढली. नाना रोज क्लॅरिनेट काढायचे, एकटेच वाजवायचे आणि ठेवून द्यायचे.

वैशाखाच्या शेवटी एक गृहस्थ दुकानात आले. लांबच्या गावचे होते आणि रागावलेले दिसत होते.

"गेजगे तुम्हीच का? सुपारी घ्या. मला ऑर्गन पाहिजे होता. पण पोरगी म्हणते, गेजग्यांचाच बँड आणा. कारण विचारलं तर सांगत नाही."

पुढच्या सराईत असे चारदोन आले. त्याच्या पुढच्या सराईत बरेच. सगळे बाप असेच त्रासलेले. श्रीरंग माझ्याशी बोलायला लागला. ट्रंपेटवाल्यांपैकी एकजण परत आला. दुसऱ्याला ऑर्गनवाल्यांचा गायक आवडत होता. मी म्हणालो, आता नवी पाटी लावू, मी छान मजकूर देतो. दौलूनानांनी मला कुंचला हातात धरू दिला नाही.

"काय लिवू नगा. ज्यास्नी कळायचं त्यास्नी कळतंय."

रत्नमालाची पुढं बदली झाली. तिनं तिच्या पसंतीच्या एका कंपाउंडरशी रजिस्टर लग्न केलं. बँड नव्हता. नाना जेवायला गेले होते.

माझं लग्न त्यानंतर काही वर्षांनी झालं. मी मुलगी बघायला तासगावला गेलो होतो. पोहे झाले, नाव-गाव झालं, शिवण-टिपण झालं. माझी आई म्हणाली, "तुला काही विचारायचंय का गं आमच्या प्रभाकरला?" असं विचारलं की मुलींनी मान खाली घालून नाही म्हणायचं असतं. तिनं मान वर केली.

"बँड कुणाचा लावणार?"

"गेजग्यांचा," मी म्हणालो.

"मग पुढचं बोला," ती म्हणाली. कंडक्टरच्या मांडवात त्या दिवशी ती बायकांच्या बाजूला बसलेली होती, हे मला पुढं पुष्कळ दिवसांनी कळलं.

लग्नाच्या दिवशी मी मारुतीपाशी उतरलो, नारळ फोडला आणि इतक्या घाईनं परत घोड्यावर बसलो की श्रीरंग म्हणाला, "अवो, दमानं. न्हेतोय की." माझे मामा पारावर जरा टेकायला निघाले होते, त्यांना मी वरूनच ओरडून उठवलं. मांडवात आलो. पाटावर उभा राहिलो. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं चालू झाली आणि मला अंतरपाटावरून मांडवाचं तोंड दिसत होतं. तिथं दौलूनाना क्लॅरिनेट हातात धरून उभे होते. खूप थकले होते. श्रीरंगनं मागं खुर्ची आणून ठेवली होती, तीत ते बसले नव्हते.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट खाली आला. तांदूळ पडले. भटजींनी 'वाजवा' म्हणून हात केला.

बँड वाजला नाही. भटजींनी पुन्हा हात केला. नाना भटजींकडं बघतच नव्हते. ते तिच्याकडं बघत होते.

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग नानांकडं बघून मान हलवली.

मग बँड वाजला.